लाइन डान्स शिकताना दिशा का चुकते?

प्रश्न : माझे वय 58 आहे. मुलाकडे डॅलसजवळ काही महिन्यांसाठी आले आहे. घराजवळच्या ज्येष्ठांच्या केंद्रात कंट्री लाइन डान्सचा, म्हणजे रांगांत उभे राहून सगळ्यांनी एकसारखी पावले टाकण्याच्या नाचाचा, वर्ग भरतो. जोडीदार लागत नाही आणि शाळेत लेझीम खेळले होते, म्हणून हौसेने नाव घातले. बाई सांगत असतात तोवर सारे जमते. पण गाणे लागले, की दोन-तीन वळणांतच मी भलतीकडे तोंड करून उभी असते. संकोचाने मी मागच्या रांगेतच थांबते. हे वयामुळे होते का? आणि काउबॉय बूट घ्यावेच लागतात का?
— एक वाचक

उत्तर : वयाला दोष देण्याआधी आपण मागची रांग सोडावी, कारण अडचणीचे निम्मे मूळ तिथेच आहे. नवशिक्यांचे बरेचसे नाच 32 काउंटचे (एका आवर्तनात 32 ठोके) आणि ‘फोर वॉल’ असतात. म्हणजे प्रत्येक आवर्तन संपताना सगळी रांग पाव वळण घेते आणि चार आवर्तनांनी पुन्हा मूळ भिंतीसमोर येते. दोन आवर्तने झाली, की मागची रांग सर्वांत पुढे येते आणि जिला पाहून पावले टाकावीत अशी एकही व्यक्ती आपल्यासमोर उरत नाही. त्यामुळे नवशिक्याने मधल्या रांगेत, तीही मध्यभागी, उभे राहावे.

उरलेले निम्मे मूळ बहुधा पायावरच्या भारात असते. आपल्या वर्गात ‘ग्रेपव्हाइन’ शिकवले असेलच : उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्या मागून, पुन्हा उजवा उजवीकडे आणि चौथ्या काउंटला डावा शेजारी नुसता टेकवायचा. गाण्याच्या ओघात आपण त्या टेकवलेल्या डाव्या पायावर नकळत उभ्या राहतो आणि डावीकडे निघताना जो पाय मोकळा हवा तोच अडकून पडतो. मग घाईने उजवा पाय उचलला जातो आणि इतर डावीकडे सरकत असताना आपण एकट्या उजवीकडे निघतो. अनेक नाचांत पाव वळण याच डावीकडच्या ग्रेपव्हाइनच्या तिसऱ्या काउंटला असल्याने ते चुकले, की भिंतही चुकते. घरी गाणे न लावता ओट्याला हात टेकून हा सराव करावा आणि चौथ्या काउंटला थांबून, टेकवलेला पाय सहज उचलता येतो का, एवढेच पाहावे. ताल आणि रांग लेझमीने आपल्याला आधीच शिकवली आहे.

इतर सगळे लहानपणापासून हे नाचत असतील, असा धसका घेऊ नये. या नाचाची मोठी लाट 1992 मध्ये ‘अ‍ॅकी ब्रेकी हार्ट’ या गाण्यावर मेलनी ग्रीनवूड यांनी बसवलेल्या नाचामुळे उसळली, आणि तेव्हा शिकणाऱ्यांतही मोठ्या वयाची माणसे होतीच. नाच निवडताना मात्र ज्याच्यापुढे ‘अ‍ॅब्सोल्यूट बिगिनर’ असे लिहिलेले असते तोच घ्यावा. त्यापुढच्या ‘इम्प्रूव्हर’ पातळीच्या नाचांत पूर्ण गिरक्या येतात; शिवाय गाण्याची कडवी 32 काउंटांत बसत नसतील, तर मध्येच ‘टॅग’ (जादा जोडलेली पावले) किंवा ‘रीस्टार्ट’ (आवर्तन अर्धे सोडून पुन्हा पहिल्यापासून) येतो आणि तिथे मुरलेलेही गडबडतात.

बूट आवश्यक नाहीत. त्यांचा चामडी तळ लाकडी फरशीवर घसरतो आणि वळण सोपे होते, हा त्यांचा खरा उपयोग. व्यायामाचे रबरी तळाचे बूट फरशीला धरून बसतात. शरीर वळते, पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. गुळगुळीत तळाचे, टाच घट्ट धरणारे साधे बूट पुरेत, सपाता नकोत. गुडघा आधीच दुखरा असेल, तर डॉक्टरांना विचारावे आणि जोरात पाय आपटण्याच्या ‘स्टॉम्प’ऐवजी पाऊल हलके टेकवावे. बाईंना सांगितल्यास त्या हरकत घेणार नाहीत.

मुलाने कधी डान्स हॉलला नेले, तर एक रीत लक्षात असावी. फरशीच्या कडेने टू-स्टेप हा जोडीचा नाच करणाऱ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात. लाइन डान्सच्या रांगा मधोमध लागतात. रांगेतून बाहेर पडायचे झाल्यास जोड्यांना वाट देऊन मगच कड ओलांडावी.