सीआर झाले, आता हिशोब कोण देणार?

प्रश्न : सर नमस्कार. मी कराडजवळच्या एका कॉलेजात एसवाय बीकॉमला आहे, वर्गाची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी. गॅदरिंगसाठी वर्गाचे टीशर्ट काढतोय, ५८ जणांनी प्रत्येकी २५० रुपये माझ्या जीपेवर पाठवलेत. दुकानदार शर्ट २१० ला देतोय. पण जीएस (कॉलेजचा विद्यार्थी जनरल सेक्रेटरी) म्हणतो बिल २५० चंच बनवून घे, वरचे ४० बाकीच्या खर्चाला लागतात, सगळ्या वर्गांचं असंच चालतं. मला पटत नाहीये, पण मी एकटीच नाही म्हणाले तर लगेच म्हणतील भाव खाते. आणि ६ जणांनी अजून पैसेच दिले नाहीत, मैत्रिणी म्हणतात त्यांची नावं ग्रुपवर टाक. काय करू?
— सीआर, कराड

उत्तर : अगं आधी गुणाकार कर. ५८ गुणिले ४०, झाले २३२० रुपये. चाळीस म्हटलं की चहावडापावचे पैसे वाटतात, तेवीसशे वीस म्हटलं की तसं वाटत नाही, आणि हा नुसता तुझा एक वर्ग झाला. आता तुमचा जीएस पैसे खातो असं मी म्हणत नाहीये हां. गॅदरिंगला साउंडवाल्याचा अॅडव्हान्स, हारतुरे, पाहुण्यांचं जेवण, ऐनवेळी आणलेली चिकटपट्टी, असे ढीगभर खर्च निघतात आणि कॉलेजकडून पैसे सुटेपर्यंत पोरं खिशातून भागवत असतात, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. पण मग तसं सरळ लिहायला काय होतं? शर्ट २१०, गॅदरिंग वर्गणी ४०. ग्रुपवर टाक, ज्याला वर्गणी द्यायची नाही त्याचे ४० परत कर. जीएसला एवढंच सांग आणि तो काय म्हणतो ते बघ. बरं टाक म्हणाला तर विषय मिटला. लिहू नको म्हणाला तर सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे जा, एकटी नको, वर्गातल्या दोघातिघांना घेऊन जा, आणि जाताना फीची पावती घेऊन जा. बऱ्याच कॉलेजांत जिमखाना किंवा स्टुडंट अॅक्टिव्हिटी म्हणून फीतच पैसे घेतलेले असतात, मग ही वरची वर्गणी नक्की कशाची ते सरांना विचारता येतं.

आणि एक लक्षात घे, पैसे तुझ्या खात्यावर आलेत. उद्या कोणी विचारलं तर जीएसचं नाही, तुझं स्टेटमेंट निघणार आणि बिलावर दुकानदाराने जे लिहिलंय त्याला उत्तर तू देणार. त्यामुळे दुकानदाराला कॅश देऊच नको, जीपेनेच दे, पक्कं बिल घे, बिलाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाक. आणि पैसे तुझ्याकडे असतील तर यादी दुसऱ्या कोणाला तरी ठेवायला सांग. एकाच माणसाकडे पैसे पण आणि वही पण, हे कधीच नको, मग तो माणूस कितीही चांगला असो.

मी एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, प्रोग्राम ऑफिसर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. आमचा ७ दिवसांचा कॅम्प खेडेगावात असायचा आणि भाजीला कुठे बिल मिळतंय, मग पोरं कोऱ्या कागदावर तारीख, माल, रक्कम लिहून भाजीवाल्या मावशींची सही नाहीतर अंगठा घ्यायची. रात्री जेवणं उरकली की एक जण वही मोठ्याने वाचायचा, बटाटे इतके, तेल इतकं, आणि मागून कोणीतरी ओरडायचंच, अरे मिरची एवढी कशी लागली आज? वाचणारा पण हसत सांगायचा की काल रस्सा कोणी तिखट मागितला होता ते आठवा. रोजच विचारायचे, त्यामुळे कोणाला राग यायचा नाही. राग कधी येतो, तर वर्षभर कोणी काही विचारलेलं नसतं आणि एकदम एक दिवस विचारतात तेव्हा. म्हणून तू कोणी विचारायच्या आधीच टाकून मोकळी हो. भाव खाते म्हणणारे आठवडाभर म्हणतील, आणि मग पुढच्या वेळी पैसे ठेवायला तुझ्याकडेच येतील बघ.

राहिले ते ६ जण. नावं ग्रुपवर अजिबात टाकायची नाहीत!! कोणाचे घरून पैसे महिन्याच्या १० तारखेनंतर येतात, कोणाची स्कॉलरशिप अडकलेली असते, कोणाला शर्टच नको असतो आणि बोलायची लाज वाटते. वेगवेगळा मेसेज कर, शर्ट हवाय का एवढंच विचार, आणि नको असेल तर कारण विचारू नको. गॅदरिंगच्या दिवशी शर्ट नसलेल्याला फोटोतून बाजूला काढणारं कोणी निघालं तर मात्र तिथे बोल, तिथे सीआरनेच बोलायचं असतं.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, यंदा त्याला मॉनिटर केलंय. सर वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, परत बोलला तर नावापुढे फुली. आता मुलं त्याला सरांचा चमचा म्हणतात, डब्याला सोबत घेत नाहीत. त्याला पद सोडायला सांगू का?
— एक वडील, नांदेड

उत्तर : सोडायला लगेच सांगू नका, पण त्या फुल्या थांबवायला हव्यात. बारा वर्षांच्या पोराला हवालदार करून ठेवलाय हो, आणि त्या फुल्यांवरून पुढे मुलांना मार किंवा अंगठे धरून उभं राहणं मिळत असेल तर ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम १७ मध्ये, साफ मना आहे. शारीरिक शिक्षाही मना आणि मानसिक छळही. मुलाला बाजूला घेऊन एकच विचारा, जिवलग मित्र बोलला तर त्याचं नाव लिहितोस का? तो काय सांगतो त्यावरून त्याची नक्की कुठे ओढाताण होतेय ते तुम्हाला कळेल. नंतर वर्गशिक्षकांना भेटा, मुलासमोर नको, आणि तक्रारीच्या सुरात पण नको. म्हणावं त्याला काम द्या की, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणं, पोषण आहार वाढताना लहान वर्गांची रांग लावणं, ग्रंथपेटीची नोंद, आणि दर महिन्याला मॉनिटर बदला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र जेवायची. पोरांना जबाबदारी दिली ती अशी, हातात काम देऊन. बाकीच्यांवर पाळत ठेवायला लावून नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजात टॉपरलाच सीआर करतात, इलेक्शन का नाही घेत?
— एफवाय, पुणे

उत्तर : जुनी गोष्ट आहे. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, एकूणच मारामाऱ्या वाढल्या होत्या, त्यानंतर आपल्याकडे कॉलेज निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मार्कांवर निवड आली. जास्त मार्कवाला पोरांसाठी भांडेलच असं काही नसतं, पण चाललं तसंच. नवीन विद्यापीठ कायदा २०१६ चा, १ मार्च २०१७ पासून लागू, त्यात निवडणूक परत आली. २०१९ मध्ये होणार होणार म्हणून विधानसभेच्या धामधुमीत पुढे ढकलली, मग कोरोना आला. बाकी विद्यार्थी निवडणुका कशा घ्यायच्या ते लिंगडोह समितीने २००६ मध्येच सगळं लिहून ठेवलंय, उमेदवाराला खर्च ५००० च्या वर नाही, पोस्टर छापील नाही हाताने केलेलं, हजेरी ७५ टक्के. तू असं कर, यंदाची विद्यार्थी परिषद कशी नेमली ते प्राचार्यांना लेखी विचार, अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का घे, आणि उत्तर आलं की मला पण कळव.