काकाजींची वही

"बाहेर गेलो तर कोरोना, घरात राहिलो तर जीव गुदमरते. मग करायचं काय?" मी समुपदेशक. २०२० मध्ये सीओपीडीच्या (श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आणि जुनाट दम्याच्या किती जणांनी मला फोनवर हेच विचारलं! अजूनही सर्दीतापाची साथ आली की विचारतात. म्हणून नागपुरातल्या नंदनवनकडच्या एका काकाजींबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एसटीतून निवृत्त झालेले, सीओपीडीचे रुग्ण. सप्टेंबरात नागपुरात कोरोना भडकलेला. काकूजी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या. बोटाला ऑक्सिमीटर, शेजारी ऑक्सिजनचा आकडा लिहायची वही.

"मॅडम, जीव सांभाळून राहिलो, पण जगून नाही राहिलो."

पहिले दोन-तीन फोन मी त्यांची भीती घालवण्यात खर्च केले. उपयोग झाला नाही. कोरोना त्यांच्यासारख्यांना जड जातो, हे खरंच होतं. मग मी वही वाचायला सांगितली. एका दिवसात ३८ नोंदी.

"सगळ्यांत कमी किती?"

"९१."

"सगळ्यांत जास्त?"

"९४."

"दम लागला तिथे काही खूण?"

"फुल्या मारल्या आहेत."

"फुलीपाशी आकडा काय आहे?"

पानं उलटल्याचा आवाज. मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये, हे मला अनुभवानेच कळलंय.

"९३... ९२... ९३. आकडा तर हललाच नाही, मॅडम!" मग हळूच, "ह्या साऱ्या फुल्या बातम्यांनंतरच्या आहेत."

त्यांचा दम खोटा नव्हता. भीतीने श्वास भरभर होतो, सीओपीडीत हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती गच्च भरते. ऑक्सिजन तेवढाच असूनही धाप लागते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीने मी काम करते, म्हणून मला त्यामागचं वाक्य ऐकू आलं: 'मला काही होताच कामा नये.' 'होऊ नये' ही इच्छा झाली. तीही मास्क लावायला लावते, हात धुवायला लावते. 'होताच कामा नये' ही मागणी मात्र दर अर्ध्या तासाला बोट तपासायला लावते. त्या दिवसापासून आम्ही भीतीशी भांडलो नाही, फक्त ही मागणी सोडवत बसलो.

"सगळ्यांत जास्त काय सुटलं?" मला वाटलं, फुटाळा तलावावरचं फिरणं म्हणतील. म्हणाले, "बाकड्यावरची मंडळी."

मग सकाळी गच्चीवर झेपेल तेवढ्या फेऱ्या, नंतर खुर्चीत बसून त्याच मंडळींना फोन. काकूजींना म्हटलं, त्यांना काम द्या. बसून बसून पायांतली ताकद जाते, मग चार पावलांतच धाप लागते.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्यांचा नेहमीचा आकडा किती, तो डॉक्टरांना विचारून ठेवा. सीओपीडीत तो ९५ च्या खाली असू शकतो. दम लागला की पुढे झुकून हात मांड्यांवर टेकायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि शिट्टीसारखे ओठ करून दुप्पट वेळ सोडायचा. बरं वाटलं म्हणून इन्हेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका. बसल्या जागी धाप वाढली, बेडक्याचा रंग बदलला, ओठ निळसर झाले, गुंगी आली किंवा आकडा नेहमीपेक्षा घसरला, तर मला नाही, लगेच डॉक्टरांना गाठा.

डिसेंबरात काकाजींनी वही वाचून दाखवली. सकाळी ९३, रात्री ९२. मधल्या जागेत लिहिलं होतं: 'तुरीच्या शेंगा सोलल्या. सोलेभात झाला.'