मेटल डिटेक्टर घेऊन तळ्यात उतरलं तर खरंच अंगठ्या आणि जुनी नाणी सापडतात का? भारतात हा छंद करता येईल का?

सापडतात. मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात राहते. इथे ११,०००हून जास्त तळी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या काठावर लोक पिढ्यान्‌पिढ्या पोहायला येत आलेत. उन्हाळा सरला, गर्दी ओसरली की मी डिटेक्टर घेऊन पाण्यात उतरते.

अंगठी पाण्यात निसटते कारण गार पाण्यात बोटं आक्रसतात. त्यात सनस्क्रीनचा ओशटपणा असतो. मग चेंडू फेकताना किंवा पोराला वर उडवताना हाताला झटका बसला की ती गेलीच. म्हणून शोधायचं तेही लोक जिथे खेळतात तिथेच, कंबरभर ते छातीभर पाण्यात. उडी मारायचे धक्के आणि तराफे जिथे असतात किंवा पूर्वी होते, त्या जागा तर सोडूच नयेत. जुन्या पोस्टकार्डांवर आणि नकाशांवर बंद पडलेले पोहण्याचे काठ दिसतात. मशीनची किंमत मोजण्याआधी थोडे दिवस या जागा हुडकण्यात घालवा, असंच मी सांगेन.

सोनं वाळूच्या कितीतरी पट जड. पायाखालची वाळू हलत राहते, तशी अंगठी खाली खाली जाते आणि खालच्या घट्ट चिकणमातीच्या थरावर जाऊन थांबते. जिथे वाळूचा थर पातळ, तिथे ती हाताला लागण्याची शक्यता जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिटेक्टरवर नको असलेले धातू गाळून टाकायची सोय असते. लोखंडापुरती ती ठीक आहे, त्यापुढे वापरू नका. सोन्याची बारीक अंगठी आणि १९६०-७०च्या दशकांतल्या कॅनची ओढून काढायची अ‍ॅल्युमिनियमची कडी यांचा हेडफोनमधला आवाज जवळपास सारखाच येतो. कड्या टाळायला गेलात की सोनंही टळतं. त्यामुळे मी प्रत्येक आवाज उकरते. आवाज पक्का झाला की लांब दांड्याचा, भोकाभोकांचा स्टीलचा स्कूप आवाजाच्या जरा मागे रोवायचा, पायाने दाबायचा, उचलायचा आणि पाण्यातच हिसडायचा. वाळू गळून जाते, खडे खडखडतात. बहुतेक वेळा कडीच असते, नाहीतर गळाचं शिसं. पण सोनं निघालं तर ते ओळखावं लागत नाही. चांदी गाळात काळी पडते, तांबं हिरवटतं, सोनं मात्र काल पडल्यासारखं पिवळंधमक असतं.

नाण्यांचं म्हणाल तर अमेरिकेत १९६४पर्यंतचे डाइम (दहा सेंटचं नाणं) आणि क्वार्टर (पंचवीस सेंटचं) ९० टक्के चांदीचे. नाणं काळवंडून साल वाचता येत नसेल तर कड घासून बघा. त्यानंतरच्या नाण्यांच्या कडेला तांब्याची रेघ दिसते, चांदीच्या नाण्याला नसते.

मला स्वतःला नाण्यांपेक्षा अंगठ्यांचं जास्त वाटतं, कारण अंगठीला धनी असतो. इथे शाळा संपवताना मुलं अंगठी करून घेतात. तिच्यावर शाळेचं नाव, वर्ष आणि आतल्या बाजूला बहुतेकदा आद्याक्षरं असतात. अशी एक मला छातीभर पाण्यात मिळाली. शाळेच्या ऑफिसने जुन्या यादीवरून नाव काढून दिलं. आता सत्तरीकडे झुकलेल्या त्या बाईंनी ती नेहमीच्या बोटात घालून पाहिली, पेरावर अडकली. मग करंगळीत घातली आणि बोलताना सारखी फिरवत राहिल्या. मिळालेली वस्तू परत करायचा प्रयत्न प्रत्येकाने करावा, असं माझं ठाम मत आहे.

नियम जागेप्रमाणे बदलतात. मिशिगनच्या सरकारी उद्यानांत ठरावीक भागातच परवानगी आहे, तर मिनेसोटाच्या राज्य उद्यानांत या छंदाला मनाईच आहे. भारतात जास्त जपायला हवं. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा निघाला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, दडवणं हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकांच्या आवारात, म्हणजे किल्ल्यांवरची टाकी, देवळांची कुंडं अशा ठिकाणी, मशीन घेऊन जाऊच नका. तिथलं नाणं कुठल्या थरात पडलंय यावरून इतिहास कळतो. ते उचललं की तो पुरावाच संपतो.

आणि तुमचीच अंगठी पाण्यात पडली असेल तर आहात तिथेच उभे राहा. काठावरचं एक झाड आणि त्याच्या मागचा विजेचा खांब, अशी एका रेषेत येणारी जोडी धरा. दुसऱ्या दिशेला तशीच आणखी एक धरा आणि लगेच लिहून ठेवा. त्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे डिटेक्टरवाला आठवड्याने आला तरी चालतं. तोवर पायाने चाचपू नका, त्याने अंगठी आणखी खोल रुतते.