पट्ट्या चौदा, यंत्र साडेतेरा हजारांचे

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, वडिलांच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीच्या चकाकत्या पट्ट्या, बंपर आणि हबकॅप घरीच उजळण्यासाठी कोणते बफिंग मशीन, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने (बफने) धातू चकाकवणारे यंत्र, घ्यावे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत. साधा सहा इंची बेंच ग्राइंडर, त्याच्या दगडांच्या जागी कापडी बफ लावून, ४,८०० रुपयांना मिळतो. लांब शाफ्टची (फिरत्या दांड्याची) अर्ध्या हॉर्सपॉवरची बफिंग मोटर ७,९०० रुपयांना आहे. दहा इंची बफ फिरवणारी एक हॉर्सपॉवरची स्टँडवरची मोटर १३,५०० रुपयांना असून ती सहा महिन्यांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर मिळते. सियागंजमधील दुकानदाराचा आणि त्यांच्या स्वतःच्या मनाचाही कौल तिसऱ्या पर्यायाला आहे. दिवाळीच्या बोनसमधून गाडीसाठी म्हणून त्यांनी १८,००० रुपये वेगळे ठेवले आहेत.

सप्रेम नमस्कार. पिथमपूरची नोकरी, घरकर्जाचा हप्ता आणि मुलीची बारावी सांभाळून तुम्ही ही रक्कम बाजूला काढली आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाच्या गंगाजळीला हात लावला नाही, त्यामुळे हा खर्च करावा की करू नये असा उपदेश मी करणार नाही. वडिलांच्या गाडीवर काम करताना मिळणाऱ्या समाधानाची किंमत रुपयांत मांडता येत नाही आणि मांडण्याचा आग्रहही धरू नये. परंतु तुम्ही यंत्राचा भाव तीन दुकानांत विचारला, आणि त्या यंत्रावर धरण्याजोगे भाग किती आहेत हा हिशेब मात्र तुमच्या पत्रात एकाच ओळीत आटोपला, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

तुम्ही ३१ भाग मोजले आहेत. त्यांतील १४ पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या, ९ भाग क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, ५ ॲल्युमिनियमचे आणि ३ प्लॅस्टिकचे. ही विभागणी चुंबक लावून केली असेल तर ती पुन्हा तपासा, कारण गाड्यांच्या पट्ट्यांना वापरले जाणारे स्टेनलेस पुष्कळदा चुंबकाला चिकटते आणि मुलामा दिलेले लोखंडही चिकटते. भाग उलटा करून पाठ पाहणे हा त्याहून भरवशाचा उपाय आहे. स्टेनलेसची पाठ मळलेली असली तरी पुढच्याच धातूची असते, तर मुलामा दिलेल्या भागाच्या पाठीवर बहुधा खरखरीत आणि गंजके लोखंड दिसते.

ही तपासणी पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. शोभेच्या क्रोमचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याखाली निकेलचा थर असतो. गंजाचे ठिपके वर आलेल्या बंपरवर बफ फिरवला की उरलासुरला क्रोमही निघून जातो आणि खालचे पिवळसर निकेल उघडे पडते. असे भाग नव्याने मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडेच द्यावे लागतात आणि प्लेटिंगपूर्वीचे पॉलिशही सहसा तोच करतो. प्लॅस्टिकचे तीन भाग यंत्राजवळ नेऊच नका, घर्षणाच्या उष्णतेने त्यांची कड क्षणात मऊ होते. ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग असेल तर तो कठीण थर आधी रसायनाने काढावा लागतो, आणि तसे उघडे केलेले ॲल्युमिनियम पुढे वारंवार पुसत राहण्याची तयारी ठेवावी लागते. म्हणजे ज्या कामासाठी साडेतेरा हजारांचे यंत्र येणार आहे ते काम प्रत्यक्षात चौदा पट्ट्यांचे आहे.

आता यंत्रांकडे वळू. सर्वांत स्वस्त पर्याय तुमच्या रकमेत सहज बसतो म्हणून तो मोहक वाटतो, पण त्याची अडचण किमतीत नसून बांध्यात आहे. बेंच ग्राइंडरचा शाफ्ट आखूड असतो आणि चाके मोटरच्या अंगाला लागूनच फिरतात. अडीच फुटांची पट्टी आडवी धरून सरकवू लागलात की तिचे दुसरे टोक मोटरच्या धडावर आपटते, त्यामुळे पट्टी तिरपी धरावी लागते आणि तिरपी धरलेली पट्टी बफ हातातून ओढून घेतो. तुमच्या चौदापैकी सहा पट्ट्या अडीच फुटांहून लांब आहेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी वडिलांच्या जुन्या स्कूटरच्या पट्ट्या उजळण्यासाठी असाच एक सहा इंची ग्राइंडर आणला होता. दुकानदाराने ‘सगळे काम होईल’ असे सांगितले आणि मीही खोदून विचारले नाही. तिसऱ्याच पट्टीची वरची कड बफमध्ये गेली, ती हातातून सुटली, मागच्या पत्र्याच्या कपाटावर आदळली आणि काटकोनात वाकून जमिनीवर पडली. कपाटाच्या दारावरचा तो पोचा अजून आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर अशी मोटर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते, म्हणजे सहा इंची बफची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. तुम्ही पसंत केलेल्या मोठ्या मोटरवर दहा इंची बफची कड त्याच फेऱ्यांना ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास जाते आणि तिथे ताकदही मधल्या मोटरच्या दुप्पट असते. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर पट्टी अडकल्यावर निदान थोडी दबते, नवख्या हाताला तेवढीच सवलत. म्हणून केवळ यंत्र म्हणून विचाराल तर माझे मत मधल्या, लांब शाफ्टच्या मोटरला आहे. तिच्या वायंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांत, तांबे आहे की ॲल्युमिनियम आणि ती सलग चालवता येते की अर्ध्या तासाने थांबवावी लागते, या दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या. विजेची चिंता करू नका, चाळीस तास चालवूनही दोनशे रुपयांच्या आसपासच भागेल.

‘बिनव्याजी’ हप्त्यांविषयी दोन शब्द. तेच यंत्र रोखीने १२,६०० रुपयांना मिळते असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे ९०० रुपये तिथेच गेले. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून २३५ होतात. क्रेडिट कार्डाच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो, पण व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी राहतो. वार्षिक १५ टक्क्यांनी तो १०३ रुपयांच्या घरात जाईल. एकूण सव्वाबाराशे रुपये जास्त, आणि तेही सरासरी साडेतीन महिन्यांच्या उसनवारीसाठी, म्हणजे वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक दराने. हौसेच्या वस्तूसाठी हा दर मला मान्य नाही.

तुमच्या पत्रात एक खर्च मात्र राहून गेला आहे. गाडीची नोंदणी येत्या मार्चमध्ये संपते. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झाले आहे, जीएसटी वगळून. हे पैसे दुसरीकडून येणार असतील तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या आकड्यांत मला ते कुठे दिसले नाहीत. अठरांतून दहा वजा केले की तुमच्या हाती खरे तर ८,००० रुपयेच आहेत. मधली मोटर ७,९००, त्यावर सिसलचे (घायपाताच्या धाग्यांचे) आणि सुती बफ, पॉलिशच्या वड्या, चेहऱ्याचे कवच आणि मास्क मिळून २,६०० असे साडेदहा हजार होतात. अडीच हजार कमी पडतात, आणि ते गंगाजळीतून काढण्याइतके हे काम तातडीचे नाही.

आता कामाच्या तासांकडे पाहा. जुन्या पट्टीवर सर्वाधिक वेळ बफिंगला लागत नाही. आधी मागच्या बाजूने लहान हातोडीने पोचे काढायचे, वर आलेले उंचवटे बारीक कानशीने उतरवायचे, मग २२० पासून ६०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर क्रमाने फिरवून प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे ओरखडे पुसून काढायचे. एवढे झाल्यावर बफ काही मिनिटांत चमक आणतो, आणि हे झालेले नसेल तर महागडे यंत्रही पोचा चमकवून अधिक ठळक करते. तुम्ही लिहिलेत की ‘हाताला काही काम हवे’. ते काम या हातोडीत आणि पेपरमध्ये आहे, आणि त्याचा सारा सरंजाम अकराशे रुपयांत येतो.

कसेरा बाजारातल्या ज्या पॉलिशवाल्याकडे तुम्ही चौकशी केलीत त्याने पट्टीमागे ३०० रुपये आणि घासून तयार दिलेल्या पट्टीला १८० रुपये सांगितले आहेत. स्टीलची भांडी उजळणाऱ्या माणसाचा हात स्टेनलेसवर बसलेला असतो. चौदा पट्ट्यांचे २,५२० आणि सरंजामाचे १,१०० मिळून ३,६२० रुपये होतात, आठ हजारांतून ४,३८० उरतात. ही रक्कम खर्चून टाकू नका, कारण नऊ क्रोमच्या भागांच्या प्लेटिंगचा भाव तुम्ही अजून विचारलेलाच नाही, आणि झळझळीत पट्ट्यांशेजारी ठिपक्यांचे बंपर आजच्यापेक्षा अधिक डोळ्यांत खुपतील. तो भाव हाती आल्याशिवाय कोणत्याही मोटरचे पैसे देऊ नयेत.

दोन मित्र आपल्या गाड्यांच्या पट्ट्या तुम्हाला देणार आहेत आणि प्रत्येकी ५,००० देणार आहेत, त्यातून यंत्र फुकट पडेल, हा तुमचा युक्तिवाद मी वाचला. आगाऊ रक्कम हातात आल्याखेरीज तो आकडा हिशेबात धरू नका. शिवाय पद्मिनीचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. मित्राची एक पट्टी माझ्या पट्टीसारखी वाकली तर तशी दुसरी शोधण्याचा खर्च आणि संकोच दोन्ही तुमचे. स्वतःच्या चौदा पट्ट्या होईपर्यंत त्यांना थांबायला सांगा. त्यानंतरही दोघे तयार असतील आणि पुढचा बोनस आला असेल, तर ७,९०० ची मोटर रोखीने घ्या. मोटर टिकाऊ वस्तू आहे, चांगल्या स्थितीत असेल तर पुढे विकताना काही रक्कम परत येते, बफ आणि वड्यांचे पैसे मात्र गेलेच समजावेत.

मोटर आलीच तर बफच्या मध्यरेषेच्या खाली पट्टी धरा, जी कड बफला सोडून जाते तिच्यावरच दाब द्या, आणि मागे लाकडी फळी उभी करा. तोवर या रविवारी मागच्या दारावरची एकच आखूड पट्टी काढा, तिच्यावर हातोडी आणि पेपर चालवा, लागलेले तास वहीत लिहा आणि ती कसेरा बाजारात नेऊन द्या. येताना प्लेटिंगवाल्याला बंपर दाखवून त्याचा भाव लेखी घ्या.