वाचकांचे प्रश्न : शिकाऊ उमेदवार की स्वस्तातला कामगार?

प्रश्न : इचलकरंजीजवळ माझा लेथ आणि सीएनसीचा (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांचा) छोटा कारखाना आहे, १८ कामगार. आयटीआय झालेला टर्नरही (लेथवर काम करणारा) पहिले सहा-आठ महिने जॉब (घडवायचा भाग) बिघडवतो, टूल तोडतो. त्यालाही पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यायचे, तर शिकवायचे कशाला? या काळात कमी पैसे देता येतात का?

उत्तर : देता येतात, पण वाट एकच : शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत 'कर्मचारी' या व्याख्येतून या कायद्याखालचा उमेदवार वगळला आहे. नुसते 'ट्रेनी' असे पत्र देऊन ही सूट मिळत नाही. नोंदलेला करार नसताना मुलगा मशीनवर माल काढत असेल, तर तो कामगारच. वेतनातला फरक तो तीन वर्षांपर्यंत मागू शकतो आणि त्यावर दहापटीपर्यंत भरपाईही लागू शकते.

४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणे ऐच्छिक आहे. ३० पासून बंधनकारक. कमाल मर्यादा एकूण माणसांच्या १५ टक्के, म्हणजे तुम्हाला दोन उमेदवार घेता येतील. आधी केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर आस्थापना नोंदवा, ट्रेड निवडा, मग करार करा. करार नोंदवायच्या आधी मुलाला कामावर उभे करू नका; नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते.

२०१९च्या नियमांत आयटीआय उत्तीर्णाला किमान ७,००० रुपये विद्यावेतन आहे. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत त्याचे २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये सरकार देते. तुमच्या खिशातून ५,५०० जातात. दर बदलू शकतात, म्हणून करार करताना पोर्टलवरचा चालू दर पाहा. विद्यावेतन नगावर देता येत नाही आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही नाही. स्वस्तात उत्पादन काढायचे असेल, तर हा कायदा तुमच्या कामाचा नाही.

आता 'शिकवायचे कशाला' याविषयी. शंका जुनीच आहे. सर्वत्र उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च कामगार कमी पगार घेऊन स्वतःच उचलतो, असे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४मध्ये मांडले. त्यावरून, किमान वेतन ही तडजोड अडवते आणि प्रशिक्षण घटते, असा निष्कर्ष निघतो. पण ब्रिटनने १९९९मध्ये किमान वेतन आणल्यावर अल्पवेतनी कामगारांचा अभ्यास झाला, त्यात प्रशिक्षण घटलेले दिसले नाही, उलट थोडे वाढले. कारण कळण्यासारखे आहे : पगार खाली नेता येत नसेल, तर माणसाचे उत्पादन वर न्यावे लागते. जर्मनीने २०१५मध्ये किमान वेतन आणताना शिकाऊंना वगळले, पण तिथे व्यावसायिक शाळा आणि परीक्षा सक्तीची असते.

तुमचे नुकसान मुख्यतः रिजेक्शनचे, म्हणजे बिघडून बाद होणाऱ्या मालाचे आहे. पहिले काही आठवडे फक्त व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने आणि ड्रॉइंग वाचन. मग भंगार बारवर टर्निंग. ग्राहकाचा जॉब त्यानंतर, आणि पहिला नग तपासल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. ऑफसेट (टूलची नेमकी जागा सांगणारे आकडे) मशीनमध्ये भरण्याची परवानगी सर्वांत शेवटी द्या. टूल तुटतात ती बहुधा ऑफसेट चुकल्यामुळे.

प्रश्न : माझ्या मुलाला एका कंपनीने 'ट्रेनी' म्हणून घेतले. पगारातून दरमहा २,००० रुपये प्रशिक्षण शुल्क कापतात. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आहेत आणि सोडायचे असेल तर ५०,००० भरा म्हणतात.

उत्तर : वेतन संहितेतील परवानगी असलेल्या कपातींत प्रशिक्षण शुल्क नाही, तेव्हा ती कपात बेकायदा आहे. प्रमाणपत्रे लेखी अर्जाने परत मागा आणि पोच घ्या.

बाँड, म्हणजे सोडल्यास पैसे भरण्याची अट, मात्र आपोआप रद्द ठरत नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा आणि दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली. परंतु तो सरकारी बँकेतील अधिकाऱ्याच्या भरतीचा प्रश्न होता. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, म्हणून प्रशिक्षणावर प्रत्यक्ष काय खर्च झाला याचा हिशेब कंपनीकडे मागा.

पासबुक, हजेरीचे फोटो आणि शिफ्टचे व्हॉट्सअॅप संदेश जपून ठेवा व सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा. देणे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.