ए३८० सारखं अवाढव्य विमान उतरलं की धावपट्टीची क्षमता घटते का?

विमानांच्या संख्येत मोजलंत तर हो, घटते. प्रवाशांच्या संख्येत मोजलंत तर बहुतेकदा उलटंच.

अडचण धावपट्टीच्या लांबीची नाही, मागे उरणाऱ्या हवेची आहे. ए३८० चं कमाल वजन सुमारे ५७५ टन. एवढं ओझं उचलताना पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन जबरदस्त भोवरे सुटतात, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि हळूहळू खाली बसतात. मागून येणारं लहान विमान त्यात सापडलं तर क्षणात एका कुशीवर कलंडू शकतं, आणि जमीन जवळ असताना सावरायला उंचीच नसते.

म्हणून नेहमीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ए३८० च्या मागे ए३२० सारखं मध्यम विमान असेल तर ७ सागरी मैलांचं अंतर ठेवतात. दोन मध्यम विमानांमध्ये ३ मैल पुरतात. १४० नॉटच्या (ताशी १४० सागरी मैल) वेगाने ७ मैल म्हणजे ३ मिनिटं, ३ मैल म्हणजे सव्वा मिनिट. थोडक्यात, एका ए३८० मागे सव्वा ते दीड विमानाची जागा जाते. पण त्यात ५०० च्या आसपास माणसं असतात, हे विसरू नका!

खरी गोम क्रमात आहे. मोठं, लहान, मोठं, लहान असा क्रम लागला तर दर वेळी मोठी फट पडते. त्यामुळे जमेल तिथे नियंत्रक जड विमानं एकामागोमाग लावतात. लहानामागे मोठं आलं तर भोवऱ्यासाठी जादा अंतर लागतच नाही.

टॅक्सीवे (धावपट्टी आणि गेट जोडणारे रस्ते), गेट ही डोकेदुखी वेगळी. जवळपास ८० मीटरचे पंख सगळीकडे मावत नाहीत.