साखर पूर्ण बंद केली तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर उपाशी मरतो का?

नाही मरत. आधी पेशंट खंगतो. तुमच्या वडिलांची केमो चालू आहे आणि नातेवाईक भात, फळं, गूळ सगळं बंद करा म्हणतायत असं वाचलं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या अण्णांची गाठ उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात होती. तिथलं रक्त शौचाला लाल दिसतंच असं नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत जातं. कित्येक महिने लोहाच्या गोळ्या चालल्या, 'वयोमानाने होतं' म्हणून. साठीच्या पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नसतं, कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, तेव्हाच व्हायला हवी होती. ऑपरेशननंतर केमो म्हणून ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या सलाईनमुळे स्टीलच्या गार पेल्याला हात लागला तरी बोटांत करंट बसायचा. तोंडाला चव नाही. अशात मामा मोबाईलवर वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचा दाखला देणारा, साखर तोडा म्हणणारा लेख घेऊन आले. भात बंद, केळं बंद, सकाळी कारल्याचा रस. थोरल्या मेव्हण्यांचा शब्द अण्णा मोडणार कसे? वजन इतकं उतरलं की पुढची केमो डॉक्टरांनी लांबवली.

वॉरबर्ग खोटं सांगत नव्हता. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, अधाशासारखं ओढतात हे त्याने 1920च्या दशकात दाखवलं, कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट (PET) स्कॅन त्याच गुणावर चालतो. पण खाणं तोडलं की यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करतं. गाठीला मिळायचं ते मिळतंच, झिजतात त्या पेशंटच्या मांड्या. शिवाय या पेशी ग्लुटामिन हा प्रथिनांतला घटकही वापरतात. हे मी मामांना तोंडावर सांगितलं तर म्हणाले, 'तू काय डॉक्टर आहेस?' नाही. पण आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेली अंडी, मऊ भात, मुगाचं वरण मीच रांधून घातलं आणि उरलेले सगळे डोस वेळेवर झाले.

लठ्ठपणा, टाइप 2 मधुमेह आणि वाढलेलं इन्सुलिन यांचा या कॅन्सरशी संबंध आहेच, धोका वाढतो. पण त्यावरून केमोतल्या माणसाला उपाशी ठेवा असं निघत नाही. उलट 2025 साली एका मोठ्या चाचणीत दिसलं की केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार कमी उलटला. नातेवाइकांना एवढीच हौस असेल तर त्यांनी रोज संध्याकाळी वडिलांना फिरायला न्यावं.

हां, वडिलांना मधुमेह असेल तर साखर सांभाळावीच लागेल, केमोआधीच्या स्टेरॉइडने ती चढते. ते डॉक्टरांना विचारून करा. आणि तुमची स्वतःची कोलोनोस्कोपी चाळिशीत, किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा करून घ्या.